सतराव्या खांबाची थंडी

नऊ नंबरच्या घराखाली आकुलिना पोटावर पडली होती. वर घराचं काँक्रीटचं पोट, खाली गोठलेली माती, आणि मधल्या फटीत जाड कोटासकट ही चोपन्न वर्षांची बाई. बाहेर उणे शेहेचाळीस होतं. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात तिचाच श्वास पांढरा होऊन पापण्यांवर बसत होता. तिनं छातीशी ऊब देऊन ठेवलेला मीटर बाहेर काढला. थंडीत तो दोन मिनिटांत मरतो, म्हणून गेली एकोणतीस वर्षं तिच्या कोटाच्या आत मीटरच नांदत आला होता. सतराव्या खांबाजवळ जमिनीत लोखंडी नळी पुरलेली होती आणि तिच्यात तापमान मोजणाऱ्या मण्यांची तार सोडलेली होती. तारेचं टोक मीटरला जोडून ती आकडा स्थिर होण्याची वाट बघत राहिली.

चार मीटर खोलीवर, उणे शून्य पूर्णांक आठ.

“मेलं!” ती म्हणाली, आणि पेन्सिलीनं आकडा लिहून घेतला. पेनातली शाई इथं गोठते.

गेल्या एप्रिलात हाच आकडा उणे दोनच्या खाली होता. ऑक्टोबरात तो उणे एक पूर्णांक तीनवर आला, नोव्हेंबरात उणे एकवर. आता डिसेंबर अर्धा सरला होता, गोठलेल्या नदीवरून ट्रक जायला लागले होते, थुंकी भुईला पोचेपर्यंत खडा होत होती, आणि अशा दिवसांत घराखालची जमीन गार होण्याऐवजी कोमट व्हायला लागली होती. आमच्या शहरातली घरं पायावर उभी नसतात, थंडीवर उभी असतात. खांब गोठलेल्या मातीत रोवायचे, माती त्यांना मुठीत धरते, आणि ती मूठ सुटू नये म्हणून घर जमिनीपासून उचलून खाली वारा खेळता ठेवायचा. घराची ऊब जमिनीला लागता कामा नये. एवढी एकच गोष्ट. पण ही एक गोष्ट लोकांच्या डोक्यात उतरवता उतरवता आकुलिनाच्या तोंडाला फेस आला होता.

लोक तिला ‘थंडीवाली बाई’ म्हणत. ती आली की कुणीतरी ओरडायचंच, “आली बघा! आता म्हणेल, खालून वारा कमी लागतोय!” घराखालच्या पोकळीत लोक बटाटे ठेवत, जुन्या गाद्या टाकत, एकानं तर मोटारसायकल आणि तिच्याबरोबर शेगडीही ठेवली होती. पोकळीच्या कडेनं असलेले झरोके फळ्यांनी बंद करत. ती फळ्या काढायची, नोटीस चिकटवायची. लोक नोटीस काढायचे आणि फळ्या परत लावायचे. अशी एकोणतीस वर्षं. तिचा नवरा गेला तेव्हाही ती दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन निघाली होती, कारण मोजणीचा बुधवार होता.

पण नऊ नंबरचं घर तिला इतर घरांसारखं नव्हतं. त्या घराच्या तळमजल्यावर, सतराव्या खांबाच्या बरोबर डोक्यावर, तिचा थोरला भाऊ स्पिरिदोन राहत होता.

थोरल्या भावाला आमच्याकडे ‘उबाय’ म्हणतात, आणि स्पिरिदोनला तर सगळं घरच उबाय म्हणायचं. आई गेली तेव्हा आकुलिना सहा वर्षांची होती आणि तो एकोणीसचा. त्यानंच तिला वाढवलं. जन्मभर घोडे राखले, हिमातून कळप हाकले. एका हिवाळ्यात उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अर्ध्यातून गेलं, तेही त्यानं दोन दिवसांनी लक्षात आल्यासारखं सांगितलं होतं. मग एका वसंतात नदीचा बर्फ वळणावर अडला, पाणी तुंबून गावावर आलं, आणि एका सकाळीत गाव गेलं. सरकारनं लोकांना नदीपलीकडच्या वसतिगृहात ठेवलं, एका खोलीत दोन-दोन कुटुंबं, मध्ये चादर टांगून. तिथं स्पिरिदोननं तीन वर्षं काढली. मग त्याला नऊ नंबरमध्ये ही खोली मिळाली. किल्ली हातात पडली त्या दिवशी तो म्हणाला होता, “आकुल्या, आता हितनं मी आडवाच जाणार. उभ्यानं न्हाय.”

आणि नियम असा होता, की तीस एप्रिलला चार मीटर खोलीवरचा आकडा उणे एकच्या खाली नसेल, तर सरकारी समिती घराला धोकादायक ठरवणार. घर रिकामं होणार. लोक कुठं जाणार, तर नदीपलीकडच्या त्याच वसतिगृहात. हातात हिवाळा होता तेवढाच. जमिनीत थंडी भरायची ती मार्चपर्यंत. त्यानंतर सूर्य वर येतो आणि सगळं उलटं सुरू होतं.

ऑफिसात साहेब रोदियोन पेत्रोविच यांनी कागद हातात धरून दूर नेला, मग जवळ आणला.

“आकुलिना गाव्रिलोव्ना, हा आकडा काही चांगला नाही.”

“माहितीये मला.”

“मग चांगला आणा.”

“मी मोजते, साहेब. पिकवत नाही.”

“चिडू नका. गरम पाण्याचा पाइप गळत असणार कुठंतरी. ग्लेबला घेऊन जा आणि गळती शोधा. गळती सापडली की मला कागद करता येतो. नुसत्या आकड्यावर काय कागद करू?”

ग्लेब हा नळवाला. तो पोकळीत शिरताना इतक्या शिव्या द्यायचा, की त्या शिव्यांनीच तिथली हवा गरम होत असेल असं आकुलिनाला वाटे. दोघांनी तीन बुधवार पाइपाची लांबी रांगत तपासली. एकेक जोड हातानं चाचपला.

“बाई, माझा पाइप सुका आहे,” ग्लेब शेवटी म्हणाला. “माझ्या सासूचे डोळे माझ्या लग्नात होते, तितका सुका.”

“मग ही ऊब येते कुठून?”

“मला काय विचारता? तुमच्याच मण्यांना ताप आला असेल.”

“माझे मणी ठीक आहेत.”

“आणि माझा पाइप ठीक आहे. म्हणजे घरच आजारी आहे. बोलवा देवऋषी.”

ती त्याच्याशी कडाकडा भांडली. त्याच्या साहेबाकडे तक्रारही केली, की नळवाला नीट बघत नाही. ग्लेबनं नंतर तिच्याशी बोलणं टाकलं.

दर बुधवारी काम झालं की ती वर भावाकडे चहाला जायची. बूट काढून लोकरी मोजे शेगडीशेजारी टाकायची, आणि अनवाणी पाय जमिनीवर टेकवून बसायची. स्पिरिदोन दूध घातलेला चहा वाडग्यात ओतून पुढं करायचा, त्या अर्ध्या बोटाच्या हातानं. सोबत मलई, तिच्यात घुसळलेली लाल आंबट फळं.

“नाक बघ तुजं. बटाट्यावानी झालंया. मिळाली का गळती?”

“नाही मिळाली.”

“ऱ्हाऊ दे की मग. जमीन काय पळून जातीय?”

“उबाय, ती पळूनच चाललीये. तेच तर सांगतेय कधीपासून.”

“मॅमथ मेलं तवापासनं गोठलीय ती. तुज्या मीटरला भिऊन वितळंल व्हय?” आणि तो हसत उठायचा, रंधा घ्यायचा, दाराच्या वरच्या कडेवरून दोन हात मारायचा. कुरळी ढलपी खाली पडायची. “दार जरा धरायलंय. लाकूड फुगलंय.”

ती मलई चाटत मान हलवायची. पाय कसे छान शेकत होते. असे सात बुधवार ती तिथं अनवाणी बसली. जमिनीचं तापमान मोजण्यात जिचा जन्म गेला तिनं सात बुधवार कोमट जमिनीवर पाय टेकवले, आणि ती कोमट का आहे हे विचारलं नाही. पुढं हे आठवलं की ती स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायची.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आकडा उणे शून्य पूर्णांक सात झाला.

त्या दिवशी तिला राग आला तो कुणाचा, हे तिलाही सांगता आलं नसतं. ती फावडं घेऊन घराच्या उत्तर बाजूला गेली. तिकडं भिंतीला टेकून छातीएवढा बर्फ साचला होता. वाऱ्यानं आणला असेल म्हणून तिनं आजवर तो तसाच सोडला होता. आतून बघितलं तर त्या अंगाला अंधार असायचाच. आज तिनं फावडं घातलं, आणि बर्फ चकत्यांनी निघायला लागला. वाऱ्यानं आणलेला बर्फ असा निघत नाही. हा थापटून बसवलेला होता.

आत झरोका असायला हवा होता. त्या जागी गुळगुळीत, तपकिरी, दगडासारखा टणक चौकोन होता. तिनं फावड्याचं टोक मारलं तर ठण्ण वाजलं. कडेला गवताची काडी दिसली. तिनं हातमोजा काढून बोट लावलं, आणि त्या उणे चाळिसातही तिला वास आल्यासारखं झालं.

शेण. माती आणि गवत कालवलेलं शेण.

आमच्या जुन्या लाकडी घरांना दर पानगळीत बाहेरून असा लेप द्यायचे. ओंडक्यांच्या फटीत गवत, वर शेणमाती, पायथ्याला मातीचा आणि बर्फाचा बांध. थंडी पडली की लेप हातातून भिंतीवर जाईपर्यंत दगड होतो, आणि मग आतलं पोर रात्रभर उघडं लोळलं तरी गारठत नाही. आकुलिना अशाच घरात वाढली होती. लेप देताना शेवटचा हात वरून खाली फिरवतात. त्यानं बोटांच्या ओळी उमटतात.

इथं उमटलेल्या ओळी चार होत्या. तीन लांब, आणि कडेची एक अर्ध्यातच संपलेली.

ती बर्फात बसली. मग उठून तिनं उत्तरेकडचा सगळा बर्फ उकरला. झरोके अकरा होते. अकराही लिंपलेले होते, आणि काम इतकं सुबक, की एखादी कड मोडायची म्हटलं तरी जीव दुखावा.

स्पिरिदोन न्हाणीघरात वाकला होता. टबात शेणाचा गोळा गरम पाण्यात भिजत पडला होता.

“उबाय, हे काय आहे?”

त्यानं मागं वळून बघितलं. तिच्या कोटावरचा बर्फ बघितला, हातातलं फावडं बघितलं. लपवायचा प्रयत्न त्यानं केला नाही.

“शेण हाय. शेजारच्या लुकेर्याच्या भावाच्या गाई हायत शहराभाईर. चांगलं शेण देतात.”

“उत्तरेचे अकरा झरोके तू लिंपलेस?”

“अकरा लिंपलं. पूर्वेचं चार ऱ्हायल्यात. थंडी वाढली म्हनून हात थांबला.”

“मी तीन महिने रांगतेय घराखाली! त्या ग्लेबला मी कामचोर ठरवला! साहेबाच्या शिव्या खाल्ल्या! दर बुधवारी इथं येऊन तुला सांगत होते, आणि तू मला मलई चारत होतास?”

“मग काय सांगायचं हुतं? तू फोडलं असतंस.”

“फोडणारच आहे!”

“फोड. आनि मग शेजारी जाऊन लुकेर्याच्या जुळ्यांना सांग, की मावशीनं फोडलं. दीड वर्साची पोरं हायत. जमिनीवर सोडली की पाय निळं पडायचं. ती बाई दिवसभर दोन्ही काखांत दोन घिऊन फिरायची. पलीकडली म्हातारी मार्फा बूट घालून झोपायची. मी काय चोरी केली? घराला लेप दिला. आपल्या बानं देल्ला, आज्यानं देल्ला.”

“ते घर जमिनीवर होतं, उबाय! एक मजल्याचं, लाकडाचं. खचलं तर ओंडका घालून उचलायचं. हे पाच मजले काँक्रीट आहे. खालची जमीन सुटली तर तू काय घालून उचलणार?”

“जमीन काय सुटत न्हाय.”

“बरं. गावात आपलं मांसाचं तळघर होतं, जमिनीत खणलेलं. जानेवारीत तू त्याचं झाकण का उघडं ठेवायचास?”

“थंडी भरायला.”

“आणि मेमध्ये का बंद करायचास?”

“थंडी जाऊ नये म्हनून. ह्ये काय इचारनं झालं?”

“तुझं घर त्या तळघरावर उभं आहे. आणि तू भर जानेवारीत झाकण लावून बसलायस.”

त्यानं टबातला गोळा एकदा उलटा केला. तिला वाटलं, पोचलं. मग तो म्हणाला, “तळघरात घोड्याचं मांस असतं आकुल्या. त्याला पाय गार पडत न्हाईत.”

तिला हसू आलं असतं, पण डोळ्यांत पाणी आलं.

“तीस वर्सं तू लोकांच्या दारावर कागुद चिकटवतीस,” तो शांतपणे पुढं म्हणाला. “म्या एकूनएक वाचलाय. बंद करू नका. झाकू नका. ठेवू नका. गार पायांचं काय करायचं, त्ये एका बी कागदावर न्हाय.”

हे ऐकून ती आणखीच चिडली. पाय आपटत निघाली. दार ओढलं तर ते वरच्या कोपऱ्यात अडकलं. तिनं जोर लावला, दार कचकन सुटलं, आणि तिची नजर वर गेली. दाराची वरची कड एका बाजूला चांगली बोटभर रंधलेली होती. दुसऱ्या बाजूला हातही लागला नव्हता.

“किती वेळा रंधलंस?”

“तीनदा. सांगितलं न्हवं, लाकूड फुगलंय.”

“जानेवारीत?” ती दारावर हात ठेवून म्हणाली. “उबाय, मी आकडेवाली. लाकडातलं मला कळत नाही. तू सांग. आपल्या हिवाळ्यात लाकूड फुगतं का सुकतं?”

स्पिरिदोननं टबातल्या शेणाकडे बघितलं. हिवाळ्यात लाकूड सुकतं, म्हणजे दार फुगलं नव्हतं; घराबरोबर चौकटच कलली होती. ज्यानं जन्मभर घोड्यांची कुंपणं आणि बर्फगाड्या स्वतःच्या हातानं केल्या, त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याला फक्त ते माहीत करून घ्यायचं नव्हतं.

दोन दिवस ती एकटी पहार घेऊन झरोके फोडत होती. एकेक झरोका अर्धा तास घ्यायचा. तिच्या खांद्याची वाट लागली. लुकेर्या आपल्या खोलीच्या छोट्या खिडकीतून ओरडत होती, “फोड बाई, फोड! स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहतेस ना तिकडं पाच नंबरात? तुझे पाय शेकतायत!” स्पिरिदोन काचेमागं उभा होता. तो बघत होता, एवढंच. तिनं हात केला नाही आणि त्यानंही केला नाही.

पुढच्या बुधवारी तीन झरोके परत बंद. या वेळी जुनी गादी, गोणपाट, एक फाटका कोट. तिनं खेचून काढले. त्याच्या पुढच्या बुधवारी दोन. ही उबायची करणी नव्हती, तो असलं गबाळं काम करणारा नव्हे. पण त्यानं सुरुवात करून दिली होती आणि आता सगळा तळमजला शिकला होता.

साहेबांना सांगितलं तर ते सुटल्यासारखे मागं रेलले. “म्हणजे रहिवाशांचीच चूक. छान झालं! नोटीस लावून टाका.”

“साहेब, नोटिशीनं पाय गरम होत नाहीत. तळमजल्याच्या जमिनी आतून बांधून द्या. थर घाला उबेचा. मग कोण कशाला झरोके बुजवेल?”

“त्याला तरतूद नाही.”

“घर रिकामं करायला आहे?”

“त्याला आहे,” साहेब म्हणाले. ते खरंच बोलत होते, म्हणून तिला टेबल उलटवावंसं वाटलं. त्याऐवजी ती ग्लेबकडे गेली आणि त्याची माफी मागितली. त्यानं माफ केलं नाही, पण म्हणाला, “शेण? खरंच शेण?” आणि इतका हसला की त्याला खोकला लागला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात स्पिरिदोन स्वतःच्या घरात कोंडला गेला.

सकाळी तो पाव आणायला निघाला तर दार हलेना. रंधा मारायला कड सापडेना, कारण दार चौकटीत पाचरीसारखं बसलं होतं. त्यानं खांदा दिला, लाथ दिली. शेवटी खिडकी उघडून हाक मारली. लुकेर्यानं बाहेरून दार ढकललं, म्हातारी मार्फानं सल्ले दिले, आणि काही उपयोग होईना तेव्हा सदुसष्ट वर्षांचा उबाय खिडकीतून पाठमोरा बाहेर आला. मध्येच त्याचा कोट कडीत अडकला. अर्धा आत अर्धा बाहेर असा तो लोंबत असतानाच आकुलिना मीटर घेऊन कोपऱ्यावरून वळली. बुधवार होता.

लुकेर्यानं पाय धरले, आकुलिनानं कोट सोडवला. तो बर्फात उतरला, टोपी नीट केली. कुणीच हसलं नाही. त्यानं घराकडे बघितलं, मग घराखाली बघितलं, जसा लंगडणाऱ्या घोड्याचा खूर बघतात तसा.

“किती हाय आज?” त्यानं विचारलं.

तिनं खाली जाऊन मोजलं. “उणे शून्य पूर्णांक सात. हललेला नाही.”

“आनि एप्रिलात किती पायजे?”

“उणे एकच्या खाली.”

“पहार कुटं हाय तुजी?”

त्या दिवशी त्यानं पूर्वेकडचे झरोकेही मोकळे केले, लोकांनी कोंबलेलं सगळं बाहेर काढलं, भिंतीचा बर्फ दहा पावलं लांब नेऊन टाकला. लुकेर्या म्हणाली, “उबाय, आणि माझी पोरं?” तो म्हणाला, “येतो. आदी ह्ये.”

मग तो आला. लाकडाच्या वखारीतून भुसा आणला, शेगडीवर परतून कोरडा केला. लुकेर्याच्या खोलीत जमिनीवर फळ्यांच्या पट्ट्या ठोकल्या, मधल्या चौकोनांत भुसा भरला, त्यावर घोड्याच्या केसांचा दाबून केलेला जाड नमदा आणि वर पुन्हा फळ्या. ऊब घराच्या आत राहिली, खाली उतरेना. आकुलिना दारात उभी राहून बघत होती. एकोणतीस वर्षं ती लोकांना सांगत आली होती की ऊब खाली जाऊ देऊ नका. आणि ती अडवायची कुठं, हे एका घोडेवाल्यानं गुडघ्यावर बसून दाखवलं होतं.

“हे तू आधी का नाही केलंस?” ती चिडून म्हणाली.

“भुसा आनायला ताकद लागती. शेण दारात मिळत हुतं,” तो खिळा दातांत धरून म्हणाला. “आनि तू तरी कुटं इचारलंस?”

सहा खोल्या झाल्या. मार्फाची झाली तेव्हा तिनं बूट काढून झोपून बघितलं आणि सकाळी सगळ्यांना सांगत सुटली. त्याची स्वतःची खोली शेवटी राहिली. तोवर तो मोज्यांवर मोजे घालून फिरत होता.

आकडा मात्र हट्टाला पेटल्यासारखा बसला होता. फेब्रुवारीभर उणे शून्य पूर्णांक सात. वरची थंडी चार मीटर खाली उतरायला वेळ घेते हे तिला पाठ होतं, तरी दर बुधवारी ती मीटरला शिव्या द्यायची. मार्चच्या मध्याला उणे शून्य पूर्णांक आठ. मार्च संपला तेव्हा उणे शून्य पूर्णांक नऊ. छपराचा बर्फ ठिबकायला लागला. दर बुधवारी दार वाजायच्या आधीच स्पिरिदोन आतून विचारायचा, “किती?” ती सांगायची. “आनि माज्या पायाला इचार किती,” तो म्हणायचा.

तीस एप्रिलला समितीचे तिघं आले. त्यातल्या एकानं मीटर स्वतः लावला, जणू काही ती आकडा खिशातून काढून ठेवेल. आकुलिना त्याच्याशेजारी पोटावर पडली होती. आकडा फिरत राहिला, फिरत राहिला, आणि थांबला.

उणे एक पूर्णांक एक.

“वाचलं,” तो माणूस म्हणाला. “यंदा. देखरेखीखाली ठेवू. पुढच्या एप्रिलात पुन्हा बघू.”

पुढच्या एप्रिलात पुन्हा. म्हणजे पुढच्या हिवाळ्यात पुन्हा फळ्या, पुन्हा गाद्या, आणि शहरात अशी दोनशे घरं, प्रत्येकाच्या खाली एकेक सतरावा खांब. तिला आनंद व्हायला हवा होता. ती फक्त दमली होती.

दहा दिवसांनी साहेबांनी तिला बोलावून एक कागद दिला. समितीनं तळमजला बघितला होता. रहिवासी स्पिरिदोन गाव्रिलोविच यांनी विनापरवाना सहा खोल्यांच्या जमिनीत बदल केले आहेत, ज्वलनशील भुसा वापरला आहे, तरी महिन्याभरात जमिनी पूर्ववत कराव्यात.

“साहेब, त्या जमिनींमुळं घर वाचलं.”

“असेल. पण परवाना नाही.”

“मग परवाना द्या.”

“त्यासाठी नमुना मंजूर असावा लागतो. असा नमुना नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आकुलिना गाव्रिलोव्ना. तुमच्याच विभागाची नोटीस आहे, तुम्हीच लावायची आहे.”

तिनं ती हातात धरून शहरभर नेली. नऊ नंबरच्या दारात उभी राहिली. दार आता पुन्हा उघडत होतं, निदान अर्धं. स्पिरिदोननं चौकटच नव्यानं बसवली होती. आत तो गुडघ्यावर होता. स्वतःच्या खोलीच्या फळ्या उघडून भुसा पसरत होता.

तिनं कागद पुढं केला. त्यानं हात झटकले, चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला. ती वाट बघत होती की तो ओरडेल. मग तिलाही ओरडता आलं असतं.

त्यानं कागद उजेडात धरला, अर्ध्या बोटानं त्याची जाडी चाचपली.

“कागुद बरा हाय. जाड हाय,” तो म्हणाला. “भुशाखाली अंथरला की वारा येत न्हाय.”

“उबाय, महिन्याची मुदत आहे.”

“मंग महिन्यात अजून आन. ह्या एका कागदानं कोपरा बी भरत न्हाय.” त्यानं नोटीस पालथी करून फळ्यांच्या फटीवर नीट अंथरली, कडा दाबल्या, आणि भुशाचं टोपलं तिच्याकडे सरकवलं. “उभी काय? पसर.”

तिनं कोट काढला. आतला मीटर काढून खिडकीत ठेवला. मग गुडघ्यावर बसली आणि मूठभर भुसा आपल्याच विभागाच्या शिक्क्यावर टाकला.